नकली गर्दी, अस्सल धमाल! विठ्ठलवाडीहून सुटलेली रँडम लोकल

समजा, विठ्ठलवाडी स्टेशनसाठी एक झकास डेटाबेस बनवायचाय. टेबलं तयार, कॉलम तयार, सगळं चकाचक. एकच गोष्ट गायब: माणसं! टेबल रिकामंच आहे. मग सॉफ्टवेअर गर्दीत टिकेल की कोसळेल, हे कळणार कसं? खऱ्या प्रवाशांची नावं आणि नंबर तर वापरायचे नाहीत. मग काय, बनवायची गर्दी! नाव बनावट, पत्ता बनावट, पास बनावट. तरी डेटाबेसला मात्र वाटलं पाहिजे की ही सकाळची खरीखुरी गर्दी आहे.

या गर्दीचं नाव टेस्ट डेटा. बनवायला सोप्पा वाटतो ना? थांबा. डब्यात शिरा, दरवाजा अडवू नका, किस्से सुरू होताहेत!

पाच अक्षरं, तीस बाइट

माहीत आहे का, 'विठ्ठलवाडी' हे नाव किती लांब आहे? आपण म्हणू पाच अक्षरं: वि, ठ्ठ, ल, वा, डी. युनिकोड म्हणतं, छे, दहा! कारण त्याच्या लेखी वेलांटी वेगळी, काना वेगळा आणि ठ्ठ जोडणारा हलन्तही वेगळा. यूटीएफ-८ मध्ये साठवायला गेलात तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. झाले तीस!

आता गंमत बघा. ओरॅकलमध्ये नावाच्या कॉलमला लांबी दिली १०, तर डीफॉल्ट सेटिंगमध्ये ते दहा बाइट धरले जातात. 'विठ' एवढ्यातच नऊ बाइट संपले, आणि पूर्ण नाव टाकताच एरर! मायएसक्यूएलमध्ये १० म्हणजे दहा चिन्हं. तिथे विठ्ठलवाडी काठोकाठ मावते. एकच गाव, दोन डेटाबेस, दोन निकाल. आणि ज्या टेस्टरने सगळ्या ओळींत 'एबीसी' आणि 'एक्सवायझेड' भरलंय, त्याला हे कधीच कळत नाही.

सिंधीभाषकांच्या उल्हासनगरात शिरलात की खेळ आणखी रंगतो. माहीत आहे का, देवनागरीत सिंधीसाठी चार खास अक्षरं आहेत? ही बघा: ॻ, ॼ, ॾ, ॿ. ग, ज, ड, ब यांच्याखाली आडवी रेघ. २००६ च्या युनिकोड ५.० पासून ती चौघं अधिकृतपणे कॉम्प्युटरात राहायला आली. शिवाय सिंधी अरबी वळणाच्या लिपीतही लिहितात, ५२ अक्षरांची आणि उजवीकडून डावीकडे! उल्हासनगरसाठी सॉफ्टवेअर बनवताय आणि टेस्ट डेटात या दोन्ही लिपींचं एकही नाव नाही? मग अर्धं शहर टेस्टच झालं नाही.

आणि आपला 'ॲ'! ॲम्ब्युलन्समधला, ॲडव्होकेटमधला. हा दोन प्रकारे टाइप होतो. एक म्हणजे २००८ साली आलेलं स्वतंत्र चिन्ह, दुसरं म्हणजे 'अ' वर चंद्र. डोळ्यांना दोन्ही सारखेच, डेटाबेसला मात्र दोन अनोळखी इसम. एक टाइप करून दुसरं शोधलंत तर उत्तर येतं शून्य ओळी. टेस्ट डेटात दोन्ही 'ॲ' हवेतच!

इमोजीप्रेमींनो, तुमच्यासाठी एक. मायएसक्यूएलचा जुना 'यूटीएफ-८' प्रकार एका चिन्हाला तीनच बाइट द्यायचा. देवनागरी पास, चार बाइटचा हसरा चेहरा नापास! २०१० मध्ये चार बाइटवाला नवा प्रकार आला आणि मग कुठे इमोजींना सीट मिळाली.

आधी लगीन पॅरेंटचं!

१९७० साली आयबीएमच्या सॅन होजे इथल्या लॅबमध्ये एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं. सगळी माहिती टेबलांत, आणि टेबलं एकमेकांना किल्ल्यांनी जोडलेली. १९८१ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. टेस्ट डेटावाल्यांच्या वाट्याला आली 'फॉरेन की'ची शिस्त.

शिस्त अशी: तिकिटावर स्टेशनचा कोड असेल, तर ते स्टेशन आधी स्टेशनांच्या टेबलात हजर पाहिजे. रेल्वेच्या कोडांत विठ्ठलवाडी म्हणजे व्हीएलडीआय, उल्हासनगर यूएलएनआर, अंबरनाथ एबीएच आणि बदलापूर बीयूडी. रँडम चार इंग्रजी अक्षरं उचलून तिकीट फाडलंत तर डेटाबेस टीसीपेक्षा कडक! पार सगळी रांग परत पाठवतो. म्हणून आधी स्टेशनं भरा, मग प्रवासी, मग तिकिटं. आधी लगीन पॅरेंट टेबलाचं, मग चाइल्डचं.

नावाला किल्ली बनवू नका हं! एक विठ्ठलवाडी इथे कल्याणला खेटून, दुसरी पुण्यात सिंहगड रोडला. नावावर जॉइन केलंत तर पुण्याचा माणूस बदलापूर लोकलमध्ये चढलेला दिसेल.

आणि अंडं आधी की कोंबडी? हे कोडंही इथे रोजचंच. कर्मचाऱ्याच्या ओळीत त्याच्या साहेबाचा नंबर लागतो, पण साहेब स्वतःही कर्मचारीच. मग साहेबांच्या साहेबांचं काय? तिथे 'नल', म्हणजे रिकामं! ओरॅकलच्या जगप्रसिद्ध नमुना टेबलात नेमकं हेच आहे. त्या टेबलात कर्मचारी १४, प्रेसिडेंटचं नाव किंग, पगार ५,०००, आणि वरचा साहेब नल. त्या डेटाबेसचं लॉगिन ठाऊक आहे ना? युजर स्कॉट, पासवर्ड टायगर. स्कॉट म्हणजे ओरॅकलचे सुरुवातीच्या काळातले प्रोग्रॅमर ब्रूस स्कॉट. आणि टायगर? घरचं मांजर! जगभरच्या लाखो विद्यार्थ्यांनी एका मांजराच्या नावाने दार उघडलंय.

आइनस्टाइनचा पगार किती?

माहीत आहे का, आइनस्टाइनला मोझार्टच्या दुपटीहून जास्त पगार आहे? आइनस्टाइन ९५,०००, मोझार्ट बिचारे ४०,०००. ही कमाई आहे 'डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स' या पाठ्यपुस्तकातल्या नमुना विद्यापीठाची. तिथे मास्तर एकूण बारा. आइनस्टाइन फिजिक्सला, मोझार्ट म्युझिकला, आणि कॉम्प्युटर सायन्सला आपले श्रीनिवासन! या पुस्तकाच्या तीन लेखकांपैकी एक आहेत एस. सुदर्शन, पवईच्या आयआयटी मुंबईचे प्राध्यापक.

आता सगळ्यात भारी किस्सा. याच पवईत 'एक्सडेटा' नावाचं काम उभं राहिलं. आपण काय करतो? चुका सापडाव्यात म्हणून लाखो रँडम ओळी ओततो. पवईच्या मंडळींनी उलटा प्रश्न विचारला: कमीत कमी किती ओळींत चूक पकडता येईल?

युक्ती अशी. एक बरोबर क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, घ्यायची आणि तिच्यात मुद्दाम छोटीशी चूक घालायची. साध्या जॉइनच्या जागी आउटर जॉइन, 'पेक्षा कमी'च्या जागी 'पेक्षा कमी किंवा तितकंच'. या बिघडवलेल्या क्वेरीला म्हणतात म्युटंट. मग नेमक्या अशा मोजक्या ओळी बनवायच्या की खरी क्वेरी एक उत्तर देईल आणि म्युटंट दुसरं. पकडला गेला की म्युटंट ठार! 'एसक्यूएल म्युटंट ठार करणारा टेस्ट डेटा' हा शोधनिबंध २०११ साली आला, आणि पुढे हेच तंत्र विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या क्वेऱ्या तपासायलाही कामी आलं. शेकडो उत्तरपत्रिका, आणि चुकीच्या क्वेरीची लबाडी चार ओळींत उघडी!

हे आपल्या तिकीट खिडकीवर लावून बघा. लोकलमध्ये पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारापर्यंत अर्धं, बारा पूर्ण झाली की पूर्ण. प्रोग्रॅमरने 'बारापेक्षा कमी'च्या जागी 'बारा किंवा कमी' लिहिलं, तर चूक फक्त बरोब्बर बारा वर्षांच्या पोराला तिकीट काढताना दिसेल. शून्य ते ९९ मधून रँडम वय उचललंत तर बारा येतं सरासरी शंभरात एकदा. आणि हुशार टेस्टर? तो चारच प्रवासी आणतो, वयं ४, ५, ११ आणि १२. खेळ खल्लास! माझं स्पष्ट मत आहे: डेटाच्या ढिगापेक्षा नेमकी निवडलेली चार पोरं भारी.

आडनावांची फॅक्टरी

माहीत आहे का, जगात 'बारबारबार' नावाचं आडनाव आहे? १९९२ पासून डेटाबेसच्या वेगाच्या शर्यतीत वापरली जाणारी टीपीसी-सी ही चाचणी आडनावं अशीच पाडते. तिच्याकडे दहा तुकडे आहेत: बार, ऑट, एबल, प्रि, प्रेस, ईज, अँटी, कॅली, एशन, ईंग. शून्याला बार, एकाला ऑट, असं नऊपर्यंत. तीन आकडे घ्या, तीन तुकडे जोडा, आडनाव तयार. ३७१ म्हणजे प्रिकॅलीऑट. ००० म्हणजे अर्थातच बारबारबार! उल्हासनगरच्या पिनकोडाचे पहिले तीन आकडे ४२१, म्हणून आपण सगळे झालो प्रेसएबलऑट. नमस्कार, प्रेसएबलऑट साहेब!

तिची बहीण टीपीसी-एच. या चाचणीत २५ देशांचं टेबल आहे, शून्यापासून नंबर दिलेलं. भारताचा नंबर आठ. सगळ्यात लहान आकाराच्या चाचणीतही तिच्या एका टेबलात साठ लाखांवर ओळी असतात!

आपल्याकडे तर आडनावांची फॅक्टरी पूर्वापार चालू आहे. गावाचं नाव घ्या, 'कर' लावा. पण उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या डेटात नुसते 'कर' भरून भागत नाही. लालवानी हवेत, मोटवानी हवेत, गुप्ता, शेख, गायकवाड, पाटील, नायर हवेत. आणि नावाला जागाही वाढवा! १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने आईचं नाव आणलंय. आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. तीन कॉलमांचा जुना साचा गेला, चार हवेत. फायदा बघा: प्रत्येक कॉलमला शंभर-शंभर नावं ठेवली तर तीन कॉलमांत दहा लाख जोड्या बनतात, चौथा आला की थेट दहा कोटी. आई आली आणि डेटा शंभरपट झाला!

दहा लाख ओळी टाइप कोण करणार? कोणीच नाही. शून्य ते नऊ असं दहा ओळींचं टेबल घ्या, त्याच्या सहा प्रती एकमेकींशी क्रॉस जॉइन करा. दहाचा सहावा घात, दहा लाख हजर! पोस्टग्रेसमध्ये तर 'जनरेट सिरीज' म्हणायचं, एका ओळीत काम तमाम.

रँडम म्हणता म्हणता अडकला!

आता थोडी जादू. चार आकडे घ्या, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढता क्रम वजा करा. परत तेच, परत तेच. आपण घेऊ ४२१०, उल्हासनगरच्या पिनचे पहिले चार. ४२१० मधून ०१२४ गेले, राहिले ४०८६. मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि... ६१७४! इथून पुढे हलायचं नाव नाही. माहीत आहे का, कुठूनही निघालात तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येता? आणि आपल्या उल्हासनगरला बरोब्बर सातच्या सात लागल्या!

हा शोध दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचा. जन्म १९०५, डहाणूचा; शाळा ठाण्याला; आयुष्यभर नोकरी देवळालीत मास्तरांची. ६१७४ ला जग आज कापरेकर स्थिरांक म्हणतं. ठाण्याच्या शाळेत शिकलेल्या माणसाचं नाव गणिताच्या पुस्तकात कायमचं! कॉलर ताठ करा.

टेस्ट डेटाशी याचं काय नातं? थेट नातं आहे! आकड्यांशी नुसते खेळलात म्हणून रँडम मिळत नाही. थोर गणिती जॉन फॉन नॉयमन यांनी एक पद्धत सुचवली होती: चार आकड्यांचा वर्ग करा, मधले चार उचला, तोच पुढचा रँडम नंबर. करून बघा ३७९२ वर. वर्ग येतो १४३७९२६४. मधले चार? ३७९२! गाडी जागच्या जागी. ६१०० घेतलात तर २१००, ४१००, ८१०० आणि पुन्हा ६१००. चार स्टेशनांमध्येच शटल!

साठच्या दशकातला रँडम आकडे पाडणारा आयबीएमचा 'रँडू' त्याहून बदनाम. त्याचे आकडे तीन-तीनच्या गटाने अवकाशात मांडले की सगळे ठिपके फक्त १५ सपाट पातळ्यांवर येऊन बसतात. आकडे विखुरलेले दिसत होते, आतून चक्क रांगेत उभे!

आज पायथनमध्ये काम करतो मर्सेन ट्विस्टर, जपानच्या मात्सुमोतो आणि निशिमुरा यांचा, १९९७ चा. तो पहिल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंत जितके आकडे देतो, ती संख्या लिहायलाच ६,००२ अंक लागतात! तरीही त्याला 'सीड' म्हणून तोच आकडा दिलात की तीच मालिका जशीच्या तशी परत मिळते. टेस्टरला हे वरदानच आहे. काल सापडलेला बग आज पुन्हा दाखवायचा तर कालचीच गर्दी हवी ना! प्रोग्रॅमरांचा लाडका सीड ४२, डग्लस ॲडम्सच्या 'हिचहायकर्स गाइड'मधून उचललेला.

ज्यांना सीडही कोणाला कळायला नको असतो, त्यांची तऱ्हा वेगळी. क्लाउडफ्लेअर कंपनीच्या सॅन फ्रान्सिस्को ऑफिसात भिंतभर लाव्हा दिवे आहेत. कॅमेरा त्यांच्या वरखाली होणाऱ्या फुग्यांचे फोटो काढतो, आणि त्यातून निघतात अंदाज न येणारे आकडे. सुरक्षेची भिंत आणि तीही रंगीत!

सहा आकड्यांचा रत्नागिरीकर

माहीत आहे का, पिनकोडामागे मराठी डोकं आहे? श्रीराम भिकाजी वेलणकर, मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, डाकखात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी! १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला. पहिला आकडा विभागाचा: ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. ९ लष्कराचा. शून्याने सुरू होणारा पिन भारतात नाहीच. सहा रँडम आकडे जोडलेत तर दहातला एक पिन इथेच बाद.

त्याहून छुपी मेख उल्हासनगरात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते शहराची पायाभरणी झाली. छावणीचे पाच भाग आजही कॅम्प एक ते पाच म्हणून ओळखले जातात. आणि पोस्टाचे पिन? उल्हासनगर एक ४२१००१, दोन ४२१००२, असं करत पाच ४२१००५. कॅम्प आणि पिन हातात हात घालून! कॅम्प वेगळा आणि पिन वेगळा रँडम काढलात तर 'कॅम्प ४, पिन ४२१००१' असले पत्ते तयार होतात. प्रत्येक कॉलम एकटा बरोबर, ओळ मात्र साफ चूक. पोस्टमन एका नजरेत पकडेल, डेटाबेस पकडणार नाही. शेजारच्या अंबरनाथला ४२१५०१, बदलापूरला ४२१५०३. हे ठाऊक असलेला स्थानिक माणूस टीममध्ये हवाच हवा!

गाड्यांचे नंबर पाडताय? कल्याण आरटीओचा एमएच-०५ घ्या. आणि इंग्रजी 'आय' आणि 'ओ' गाळा, एक आणि शून्याशी गोंधळ होतो म्हणून मालिकेत ती अक्षरं देत नाहीत.

आता आधार. देशातलं पहिलं आधार कुठे दिलं? २९ सप्टेंबर २०१० ला आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात! आधारचे आकडे बारा, पहिला कधीच ० किंवा १ नसतो आणि शेवटचा असतो व्हेरहोफ पद्धतीचा तपासनीस. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन वेगळे आकडे उलटसुलट झाले, तरी हा पठ्ठ्या हमखास पकडतो. ही पद्धत १९६९ ची, डच गणिती व्हेरहोफ यांची. हेच गृहस्थ गणिती शिल्पंही घडवायचे! बारा रँडम आकडे जोडलेत तर सरासरी शंभरातले आठच या दोन्ही परीक्षा पास होतात. पण थांबा, पास झालेला नंबर कोणाचा तरी खरा असू शकतो. म्हणून नेहमीच्या भरतीसाठी शेवटचा आकडा मुद्दाम चुकीचा ठेवा.

खरा नंबर नमुन्यात वापरला की काय होतं? ऐका. १९३८ साली अमेरिकेत एका पाकीट बनवणाऱ्या कंपनीने पाकिटात नमुन्याचं सोशल सिक्युरिटी कार्ड घातलं. त्यावर नंबर छापला ऑफिसातल्या सेक्रेटरीचा, खराखुरा! पाकीट घेतलेल्यांना वाटलं, नंबर आपलाच. १९४३ मध्ये ५,७५५ जण तो वापरत होते. एकूण आकडा गेला ४०,००० च्या वर. १९७७ मध्येही बारा जण शिल्लक होते!

क्रेडिट कार्डवाले शहाणे. त्यांचा टेस्टिंगचा लाडका नंबर एक चार आणि पुढे पंधरा एक. लून पद्धतीने तपासला तर बेरीज येते ३०, दहाने भाग जातो, पास!

तारीख पे तारीख

दिवस १ ते ३१ मधून, महिना १ ते १२ मधून रँडम घेतलात? जोड्या ३७२, वर्षाचे दिवस ३६५. सात तारखा अस्तित्वातच नाहीत. लाखभर ओळींत सुमारे १,९०० माणसं ३१ जून किंवा ३० फेब्रुवारीसारख्या दिवशी जन्मलेली! एक्सेल तर आजही मानतं की १९०० साली २९ फेब्रुवारी होती. नव्हती!

अंबरनाथचं शिवमंदिर डेटाबेसात टाकून बघा. शिलालेखाचं शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. एसक्यूएल सर्व्हरचा जुना डेटटाइम प्रकार सुरू होतो १७५३ पासून. मंदिर बांधणाऱ्या शिलाहार राजांना प्रवेश नाही! मायएसक्यूएलचा सुरू होतो सन १००० ला. मंदिर अवघ्या साठ वर्षांनी आत बसलं.

आणि मायएसक्यूएलचा टाइमस्टॅम्प? त्याचा शेवटचा क्षण ठरलेला आहे: १९ जानेवारी २०३८, भारतीय वेळ सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. वार मंगळवार. विठ्ठलवाडीच्या प्लॅटफॉर्मवर ऐन गर्दीची वेळ! टेस्ट डेटात ही तारीख आजच टाका.

रात्री उशिराची कर्जत लोकलही विसरू नका. तारीख बदलायच्या आधी सुटणारी आणि नंतर पोचणारी गाडी म्हणजे सुटायची वेळ २३ वाजून काही, पोचायची ० वाजून काही. 'पोचणं सुटण्याच्या नंतरच' अशी अट लावलीत तर डेटाबेस ती गाडी रद्द करून टाकेल.

एकासारखा दुसरा

२३ जण जमले की दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त! ५७ जण झाले की ९९ टक्के. आपल्या लोकलच्या डब्यात तर खात्रीच धरा. हाच फटका तिकीट नंबरांना बसतो. सहा आकड्यांचे रँडम नंबर, दहा लाख शक्यता, तरी सुमारे १,२०० तिकिटांतच डुप्लिकेट निघायची शक्यता निम्मी. 'युनिक' अट लावली असेल तर भरती तिथेच थांबते. उपाय: यूयूआयडी, म्हणजे प्रचंड लांब रँडम ओळखनंबर! सेकंदाला शंभर कोटी बनवत राहिलात तरी एक जोडी जुळायची निम्मी शक्यता यायला सुमारे ८६ वर्षं लागतील.

आणि रकमा अगदी सारख्या विखुरल्यात तर पकडले जाल. खऱ्या बिलांत, लोकसंख्येत, खर्चात पहिला आकडा १ असतो सुमारे ३० टक्के वेळा, आणि ९ पाच टक्क्यांहून कमी. याला म्हणतात बेनफर्डचा नियम. फर्निचर बाजाराची नकली बिलं बनवताना १ ला थोडं झुकतं माप द्या.

रिकाम्या जागेचाही धसका घ्या. कॅलिफोर्नियात एकाने गाडीला हौसेने 'नल' नंबर प्लेट घेतली. झालं! ज्या ज्या चलनात गाडीचा नंबर भरायचा राहिला होता, ती सगळी त्याच्या नावावर. दंड १२ हजार डॉलरच्या वर!

नकली नावं मोफत बनवून देणारी 'फेकर' ही लायब्ररी जगभर चालते. जानेवारी २०२२ मध्ये तिच्या जावास्क्रिप्ट आवृत्तीच्या कर्त्याने सगळा कोड पुसून टाकला. पण वापरणारी मंडळी एकत्र आली आणि प्रकल्प पुन्हा उभा केला. नकली माणसांसाठी खऱ्या माणसांनी केलेली धावपळ!

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दंड आहे २५० कोटी रुपयांपर्यंत. म्हणून कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये शेजाऱ्यांचे मोबाइल नंबर आणि मित्रांचे आधार भरायची सवय आजच सोडा. ईमेल हवा तर शेवटी 'एक्झाम्पल डॉट कॉम' लावा, ते नाव १९९९ पासून याच कामासाठी राखून ठेवलंय.

आणि विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या आयटीवाल्या मुला-मुलींनो, 'फेकर'सारख्या लायब्रऱ्या ओपन सोर्स आहेत. त्यात नावांच्या याद्या कोणीही वाढवू शकतं. आपली आडनावं, आपले कॅम्प, आपली स्टेशनं, दोन्ही 'ॲ', चारही सिंधी अक्षरं आणि ठसठशीत 'ळ' घेऊन या आठवड्यात एक यादी बनवा, आणि पाठवूनच द्या!